घर विकताना मागे काय ठेवावे?

घर विकत कसे घ्यावे, हे सांगणारे चारजण गावोगाव भेटतात. जागा कशी पाहावी, भाव कसा ठरवावा, कागद कोणाला दाखवावेत, सारे ते सांगतात. पण घर विकणाऱ्याने जाताना मागे काय ठेवावे आणि काय ठेवू नये, हे सहसा कोणी सांगत नाही. आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. त्यापायी आमची जी चूक झाली, ती आज आपल्यापुढे मांडतो.

नागपूरच्या महाल भागात आमचे वडिलोपार्जित घर होते. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, मागच्या अंगणात विहीर. वडील गेले, आम्ही भाऊ नोकरीच्या गावी पांगलो, आणि शेवटी घर विकायचे ठरले. घेणारे गृहस्थ भले होते. व्यवहार ठरला, खरेदीखत झाले, आणि आम्ही सामान बांधू लागलो.

पहिला प्रश्न उभा राहिला तो उखळाचा. स्वयंपाकघरात दगडी उखळ जमिनीत पुरलेले होते. आई म्हणाली, "हे माझ्या सासूबाईंचं. मी घेऊन जाणार." घेणाऱ्यांच्या घरच्या बाई हळूच म्हणाल्या, "काकूजी, हे खणलं तर सारी जमीन उखडंल. राहू द्या नं जी इथंच." दोघींचेही म्हणणे आपापल्या परीने खरेच होते.

अशा वेळी कायदा काय म्हणतो, ते पाहावे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 सालचा आहे आणि आजही तोच चालतो. त्याचे आठवे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल, तर घरासोबत त्याची कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी बसवलेल्या इतर वस्तूही घेणाऱ्याकडे जातात. जमीन विकली, तर तिच्यात रुजलेली झाडेही जातात. म्हणजे अंगणातला कडुनिंब घराबरोबर गेला. सुटा पाटा-वरवंटा विकणाऱ्याचा. पुरलेले उखळ मात्र घराचे धरावे लागते. आईला हे समजावून सांगितले. तिने पाटा-वरवंटा घेतला आणि उखळावर हळद-कुंकू वाहून ती बाहेर पडली. कूलर, खसाच्या टट्ट्या, पंखे यांबद्दल मात्र आधीच बोलून लिहून ठेवलेले बरे. नाहीतर लाखांचा व्यवहार गोडीने होतो आणि भांडण पंख्यावरून लागते.

हे झाले डोळ्यांना दिसणारे सामान. आमची चूक झाली ती न दिसणाऱ्या गोष्टीत.

माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. आत आजोबांच्या वेळचे कागद होते. काही मोडीत, काही बालबोध. आम्हा भावांपैकी कोणालाच मोडी येत नाही. "जुनी रद्दी आहे, राहू दे," असे म्हणून आम्ही पेटी तिथेच सोडली. नव्या मालकांनी घर झाडताना ती रद्दीवाल्याला देऊन टाकली. त्यांचा त्यात काय दोष?

दोन-तीन महिन्यांनी मागच्या घरचे वृद्ध शेजारी मला शोधत आले. त्यांच्या आणि आमच्या अंगणामध्ये एक लहान दार होते. त्या दाराने त्यांच्या घरची माणसे आमच्या विहिरीचे पाणी नेत. मी जन्मापासून ते पाहत आलो होतो. नव्या मालकांना तिथे भिंत घालायची होती. शेजारी म्हणाले, "तुमच्या आजोबांनी आमच्या बाबांना पाण्याचा कागद करून दिला होता. आमची प्रत पावसात गेली. तुमची तेवढी दाखवा."

आमची प्रत त्या पेटीत होती. मी रद्दीच्या दुकानात जाऊन आलो. माल केव्हाच पुढे गेला होता.

मग मी नव्या मालकांकडे गेलो आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "भाऊ, हे तेव्हाच काऊन नाही सांगितलं?" मला उत्तर देता येईना. कारण खरेदीखतात आम्हीच सही करून लिहून दिले होते की, या घरावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. खोटे बोलायचे आमच्या मनात नव्हते. पण रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट हक्काची असू शकते, हे आमच्या ध्यानातच आले नाही.

श्रोते हो, वहिवाटीच्या हक्कांचा कायदाही 1882 सालचाच आहे. शेजाऱ्याने वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून पाणी नेले किंवा वाट वापरली, तर कागद नसला तरी हक्क सांगता येतो. घर विकल्याने तो हक्क आपोआप बुडत नाही. पण तो शाबीत करायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि त्यात वर्षे जातात.

आमच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे श्रेय नव्या मालकांना. आम्ही तिघे एकत्र बसलो. दार ठेवायचे, सकाळ-संध्याकाळ पाणी न्यायचे, गाळ काढण्याचा खर्च निम्मा-निम्मा करायचा, असा नवा कागद केला आणि तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवला. त्या वर्षीच्या गाळाचा खर्च मी दिला. तेवढे देणे माझ्याकडे लागतच होते.

म्हणून घर विकणाऱ्याने चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मालकीचे सारे कागद घेणाऱ्याच्या हाती द्यावेत. पूर्ण पैसे मिळाल्यावर ते देणे कायद्याने बंधनकारक आहे. दुसरी, विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर आपणच भरावेत. तिसरी, घराचा जो दोष सहज दिसत नाही, पण आपल्याला ठाऊक आहे, तो सांगावा. कुठली भिंत पावसात पाझरते, कुठे जमीन खचते, हे घेणाऱ्याला कसे कळणार? आणि चौथी, शेजाऱ्यांची वाट, पाणी, पन्हाळीचे सांडपाणी यांविषयी जे काही ठरलेले असेल, ते बोलून दाखवावे आणि खरेदीखतात लिहावे. खेड्यात तर याची गरज अधिक. तिथे पुष्कळ वाटा नुसत्या तोंडच्या शब्दावर चालतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक वेगळी विनंती आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या घरची जुनी दप्तरे त्यांनी उघडून पाहिली. त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली निघाला. आपल्या नागपुरातही 1934 पासून विदर्भ संशोधन मंडळ आहे. तेव्हा वर्गातल्या मुलांना विचारावे, "तुमच्या माळ्यावर काय आहे?" जुना कागद आढळला, तर मोडी जाणणाऱ्याला दाखवल्यावाचून तो रद्दीत घालू नये, एवढे त्यांनी घरी सांगितले तरी पुष्कळ होईल.

परवा महालात गेलो होतो. जुन्या घरावरून जाताना नव्या मालकांनी हाक मारली, चहा दिला. मे महिना, नळाला पाणी नव्हते. मागचे लहान दार उघडे होते आणि शेजारच्या सूनबाई कळशी भरत होत्या. आत उखळात काहीतरी कुटल्याचा आवाज येत होता. घरी जाऊन मी आईला तेवढे सांगितले.