दुखणं थांबलं, म्हणजे पाय बरा झाला का?



हिवाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास आलापल्लीच्या चौकात उभे राहिलात, तर धुक्यातून आधी पावलांचा आवाज येतो आणि मग पोरं दिसतात. कुणी अहेरीच्या रस्त्यानं पळतंय, कुणी भामरागडच्या. पायात कॅनव्हासचे झिजलेले बूट, काहींच्या पायात तेही नाहीत. ही पोलीस भरतीची तयारी. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यांतले २० मुलांना १६०० मीटर धावण्याचे आणि मुलींना ८०० मीटरचे. आमच्याकडे धावणं हा निव्वळ खेळ नाही, घरात महिन्याचा पगार येण्याची ती एक वाट आहे. म्हणूनच दुखापत झाली की मुलं ती लपवतात.

मी क्रीडाशिक्षक. माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगणार आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची नडगी दुखू लागली. सुरुवातीला पळून झाल्यावर, मग पळताना, पुढं पुढं रात्री झोपेतही. मी म्हणालो, "सुरुवातीला अंग दुखतंच रे, गरम पाण्यानं शेक." घरच्यांनी तेल चोळलं, हळद-चुन्याचा लेप लावला. एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. बारा दिवस बसून तो परत आला. "आता पायले काहीच नाही जी, सर." भरतीला महिना उरला होता. मी त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण अंतर पळायला लावलं. चौथ्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला पाय धरून खाली बसला. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हाड जिवंत असतं. धावण्याच्या दणक्यांनी ते कणाकणानं झिजतं आणि विश्रांतीत शरीर ती झीज भरून काढतं. भरण्यापेक्षा झीज जास्त झाली की तडा जातो. तो सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. फसगत होते ती इथंच. दुखणं आधी थांबतं, दमही लवकर परत येतो, पण हाड मागं राहिलेलं असतं. छाती म्हणते पळ, आणि आपण तिचं ऐकतो.

आता मी आधी बोटानं नडगी दाबून बघतो. स्नायूचं दुखणं पसरट असतं. तड्याचं दुखणं मात्र रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, नेमकं हाडावर असतं. तसं असेल तर पळणं बंद आणि थेट डॉक्टर. ते हो म्हणाले की मग परतीची सुरुवात. अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही ना? त्याच पायावर लंगडी घालता येते ना? मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, तेही एक दिवसाआड आणि डांबरावर नाही, मातीच्या मैदानावर. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर ठणका असेल तर एक पायरी खाली. दम टिकवायला तोपर्यंत सायकल आहेच.

मुलं म्हणतात, "सर, मोठे खेळाडू तर लवकर येतात." मग मी त्यांना नागपूरची आठवण देतो. २५ ऑक्टोबर २००५ रोजी नागपुरात श्रीलंकेविरुद्ध सचिन तेंडुलकरनं ९३ धावा केल्या. त्या सगळ्यांना पाठ. पण त्याच्या कोपरावर लंडनला शस्त्रक्रिया झाली होती मे महिन्यात. मधले पाच महिने कुणी मोजत नाही. शिवाय २००६ च्या मार्चमध्ये खांद्याची शस्त्रक्रिया करावी लागली, ती वेगळीच.

कबड्डीतला गुडघा तर याहून हट्टी. आतला मोठा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर निदान नऊ महिने मैदान विसरावं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढं ढकलला, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्यानं घटत गेला. तरी दिवाळीनंतर गावोगाव सामने सुरू झाले की पट्टी गुंडाळून चढाईला जाणारे वीर दिसतातच. वेदनाशामक गोळी खाऊन उतरणारे तर त्यांच्याही पुढचे. गोळीनं हाड किंवा अस्थिबंध सांधत नाही, फक्त इशारा बंद पडतो.

आपल्या भागासाठी आणखी एक सांगायला हवं. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल बराच आढळतो. थंडीत, पाणी कमी पिऊन पळालं की या आजारात हाडं-सांधे भयंकर दुखू शकतात, आणि आपण ते मुरगळणं समजून बसतो. मार लागला नसताना असं दुखत असेल, तर रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

त्या मुलाची त्या वर्षीची भरती हुकली. त्याची आई मला दारात भेटली. चिडली नाही, एवढंच म्हणाली, "मास्तर, पुढच्या वेळेस तरी याचा पाय टिकन ना जी?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. दुखापतीतून उठणाऱ्या प्रत्येकानं त्यात रोज लिहायचं, किती पळालो आणि सकाळी काय वाटलं. वहीतली पहिली नोंद त्याचीच आहे: एक मिनिट पळालो, दोन मिनिटं चाललो, असं पाच वेळा. सकाळी दुखलं नाही.