धनुष्याची ओढ : रुंदी आणि जाडी

बेल्हे हें जुन्नर तालुक्यांतील बाजाराचें गांव. येथील बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा गांवच्या शेतकऱ्याला लांकडाची पारख कोणीं शिकवावी लागत नाहीं. पाटावर फळी आडवी टाकली तर ती पायाखालीं लवते; तीच कडेवर उभी केली तर लवत नाहीं, हें तो जाणतो. फळी तीच, वजनही तेंच. मग फरक कशानें पडतो? या प्रश्नाच्या उत्तरांत लांकडी धनुष्याचें मर्म सांठविलेलें आहे.

धनुष्याची दोरी पूर्ण मागें आणण्यास जें बळ लागतें, त्यास येथें ओढ म्हटलें आहे. ही ओढ लांकडाच्या जातीवर व लांबीवर तर अवलंबून असतेच. पण मुठीच्या दोन्ही अंगांस असलेल्या बाहूंची रुंदी आणि जाडी यांचा तिच्याशीं अगदीं निकटचा संबंध आहे. मात्र या दोघींचें सामर्थ्य सारखें नाहीं.

समजा, एका धनुष्याची ओढ २० किलो आहे. लांबी व जाडी तीच ठेवून बाहू दुप्पट रुंद केले, तर दोन धनुष्यें शेजारीं जोडल्यासारखें होतें, आणि ओढ ४० किलो होते. परंतु रुंदी तीच ठेवून जाडी दुप्पट केली, तर ओढ आठपट, म्हणजे १६० किलो भरेल. तें धनुष्य मनुष्याच्या हातून वांकणार नाहीं. जाडी एकदशांशानें वाढविली तरी ओढ सुमारें २६॥ किलोंवर जाते; रुंदी तितकीच वाढविली तर ती केवळ २२ किलो होते.

याचें कारण असें. धनुष्य वांकतें तेव्हां बाहेरची पाठ ताणली जाते, आंतील पोट दाबलें जातें, आणि मधला थर जवळजवळ स्वस्थ राहतो. जाडी दुप्पट झाली कीं थर दुप्पट होतात, प्रत्येक थर मध्यापासून दुप्पट दूर जाऊन दुप्पट ताणला जातो, आणि दूर गेल्यामुळें त्याची तरफही दुप्पट होते. दोन, दोन आणि दोन यांचा गुणाकार आठ. दहा सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाड फळी कडेवर उभी केली असतां सोळापट ताठ होते, ती याच न्यायानें.

पण ज्या जाडीनें बळ येतें, तिच्यानेंच धोकाही येतो. वांक तितकाच असेल, तर जाड बाहूची पाठ अधिक ताणली जाते व लांकूड तडकतें. रुंदीनें हा ताण वाढत नाहीं. म्हणून ठिसूळ लांकडाचें धनुष्य पातळ व रुंद करावें. यू वृक्षाचें लांकूड दाब आणि ताण दोन्ही सोसतें; त्यामुळें इंग्रजांचीं जुनीं धनुष्यें अरुंद व जाड असत. १५४५ मध्यें बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजांतून अशीं शंभराहून अधिक धनुष्यें मिळालीं. उलट अमेरिकेंत १९३० च्या दशकांत क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञानें धनुष्याचें गणित मांडलें, आणि त्या काळीं तेथें चपट्या, रुंद बाहूंचीं धनुष्यें पुढें आलीं. अर्थात् रुंदीलाही मर्यादा आहे. टोंकें जड झालीं तर बाण मंदावतो; म्हणून बाहू टोंकाकडे निमुळते ठेवतात.

आपल्याकडे धनुष्याच्या लांकडाचा विचार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ताड, बांबू, लांकूड व शिंग अशा चार प्रकारांच्या धनुष्यांचा उल्लेख आहे. सातपुड्यांतील भिल्लांचा कामठा बांबूचा, आणि त्याची दोरीही पुष्कळदां बांबूच्या कामटीची. बांबूचा चिवट तंतू बाहेरच्या सालीजवळ दाट असतो. म्हणून जाणता कारागीर पाठ अखंड राखतो आणि पोटाच्या बाजूनें तासतो. दोन्ही बाहू समसमान वांकूं लागले म्हणजे तो पोटावरची सुरी आवरतो, व उरलेली थोडी ओढ कडा तासून उतरवितो. सोळा मिलिमीटर जाडींतून दोनच मिलिमीटर गेले, तरी ओढीचा तिसरा हिस्सा नाहींसा होतो. आणि तासलेलें लांकूड पुन्हा जोडतां येत नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानांतील शिकारीचा मार्ग बंद झाला, तो योग्यच. तथापि लांकडी व बांबूचें धनुष्य नामशेष झालेलें नाहीं. भारतीय धनुर्विद्येच्या स्पर्धांत त्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि खेड्यांतील पुष्कळ मुलांच्या हातीं पहिलें धनुष्य तेंच येतें. येथें मापाची चूक महाग पडते. ओढ अधिक झाली तर कोवळा खांदा दुखावतो. जाडी अवाजवी असली तर धनुष्य चेहऱ्याजवळच मोडतें. यास्तव मुलाच्या बळाप्रमाणें धनुष्य घडवावें, धनुष्यासाठीं मुलाचें बळ ताणूं नये. बळ वाढेल तसें दुसरें धनुष्य घेतां येतें. दुसरा खांदा कोठें मिळतो?