एका पायाचं टेबल, खिळ्यांचं टेबल



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत एका बाजूला संतसाहित्य, दुसऱ्या बाजूला अर्थसंकल्प आणि मध्येच हे ‘जेवणाचं टेबल’ पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. माझी हरकत नाही. घरातल्या वस्तूंकडे आपण एरवी दोनच प्रश्न घेऊन बघतो: केवढ्याला पडली आणि किती वर्षं टिकेल. ही वस्तू अशीच का, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही. काही डिझायनरांच्या मनात ते आलं. त्यातल्या काहींना उत्तर सापडलं, काहींना नुसत्या टाळ्या मिळाल्या. आज दोघांबद्दलही बोलेन, आणि माझा कल कुणाकडे आहे ते लपवणार नाही.

घरंगळलेला चमचा शोधायला आपण टेबलाखाली वाकतो, तेव्हा काय दिसतं? टेबलाचे चार पाय, सहा खुर्च्यांचे चोवीस, आणि त्या गर्दीत माणसांचे बारा. फिनलंडमध्ये जन्मलेला अमेरिकी वास्तुकार ईरो सारिनेन याला हे दृश्य सोसत नसे. पायांची ही झोपडपट्टी मला हटवायची आहे, अशा अर्थाचं त्याचं बोलणं प्रसिद्ध आहे. उपमा त्याची, माझी नव्हे. १९५७ साली नॉल कंपनीने त्याची ‘ट्यूलिप’ मालिका बाजारात आणली. खुर्चीला एकच देठ, टेबलालाही एकच; खाली पसरत जाणारं गोल बूड. या एका देठाने पंगतीतलं एक जुनं दुखणं गेलं. चार पायांच्या टेबलाला कोपऱ्यावर ज्याला बसवतात, त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये टेबलाचा पाय येतो, आणि घरात तो मान बहुधा धाकट्याला मिळतो. गोल, एकखांबी टेबलाला कोपराच नाही. ऐनवेळी पाहुणा आला तर सगळ्यांनी जरा सरकायचं, झालं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सारिनेनला खुर्ची नखशिखांत एकाच पदार्थाची हवी होती. जुनी लाकडी खुर्ची जशी सगळीच लाकडाची, तशी ही सगळीच प्लॅस्टिकची. ते जमलं नाही. माणसाचं वजन पेलेल असा प्लॅस्टिकचा बारीक देठ त्या काळी होईना. मग बैठक फायबरग्लासची आणि देठ ओतीव ॲल्युमिनियमचा केला, आणि दोन्ही पांढरे दिसावेत म्हणून देठावर तसाच लेप चढवला. डोळ्यांना खुर्ची एकसंध वाटते. दोन जागी टिचकी मारा, आवाज दोन येतात. १९६१ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी सारिनेन गेला. डेन्मार्कच्या व्हर्नर पँटनची एकाच तुकड्यात घडवलेली प्लॅस्टिकची खुर्ची त्यानंतर, १९६७ साली उत्पादनात आली. १९७२ मध्ये फ्रान्सच्या आंरी मासोने याने ‘फोतई ३००’ नावाची खुर्ची काढली. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं की दोन मिनिटांच्या आत खुर्ची बाहेर. तुम्ही आत्ता बसला आहात त्या खुर्च्या तिच्याच कुळातल्या. पाठीला चिरा, हाताला वळण, एकावर एक वीस रचता येतात आणि पदार्थ एकच. सारिनेनचं स्वप्न शेवटी आपल्या मांडववाल्याच्या टेम्पोत येऊन पडलं. सौंदर्य वाटेत कुठे सांडलं, तो वेगळा विषय.

आता मिलानला जाऊ. जो कोलंबो हा तिथला डिझायनर मला विलक्षण आवडतो आणि थोडा हास्यास्पदही वाटतो. त्याला सिगारेट आणि पाइप यांचा षौक. मेजवानीत एका हातात प्याला, दुसऱ्या हातात सिगारेट. मग हस्तांदोलन कोणत्या हाताने करायचं? म्हणून १९६४ साली त्याने देठ एका कडेला सरकवलेला प्याला केला. अंगठ्याने प्याला धरायचा, सिगारेटला बाकीची बोटं मोकळी. अडचण स्वतःची, उत्तरही स्वतःपुरतं. पण बुद्धी बघा: प्याल्याचा देठ मधोमधच असला पाहिजे, हा नियम कुणी केला होता? कुणीच नाही. सवयीने केला होता.

त्याच माणसाने १९६३ मध्ये बोफी कंपनीसाठी चाकांवरचं स्वयंपाकघर केलं होतं. ओट्याएवढ्या उंचीचा एक खोका, त्यात शेगडी, छोटा फ्रीज, सुऱ्याकाट्यांचा खण, चिरायची फळी. प्लग लावला की स्वयंपाकघर, काढला की कोपऱ्यातलं कपाट. पुढे त्याने अख्खं घरच २८ चौरस मीटरमध्ये चार खोक्यांत बसवलं. १९७२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे मोमामध्ये, इटालियन घरांवरचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते तिथे मांडलं गेलं. पाहायला कोलंबो नव्हता. आदल्या वर्षी आपल्या ४१व्या वाढदिवशीच तो गेला. २८ चौरस मीटर म्हणजे सुमारे तीनशे चौरस फूट. न्यूयॉर्ककरांना ते भविष्य वाटलं. गिरगाव-लालबागच्या लोकांनी हसावं की रडावं? फोल्डिंगचा पलंग, भिंतीला मिटणारं टेबल, दिवसा बैठक नि रात्री बिछाना, हे आपल्याकडे कुणी प्रदर्शनात मांडलं नाही. सुताराला बोलावून करून घेतलं.

आता टाळ्यांकडे. डिझायनर फिलिप स्टार्कने १९९० साली अलेसी कंपनीसाठी केलेला ‘जुसी सालिफ’ हा लिंबू पिळायचा यंत्रपुरुष तुम्ही चित्रात पाहिला असेल. तीन लांब पाय, वर थेंबाच्या आकाराचं खाचांचं डोकं. ॲल्युमिनियमचा, जवळपास एक फूट उंच. इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका खानावळीत जेवताना त्याने कागदी रुमालावर तो रेखाटला, म्हणतात. लिंबू वर दाबायचं, रस खाचांतून ओघळत टोकाला येणार आणि खाली ठेवलेल्या पेल्यात पडणार. बरोबर बियाही पडतात, गाळणी नाही. २००० मध्ये त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली आणि आंबटाने मुलामा जाईल म्हणून ती वापरू नका, अशी सूचना सोबत आली! याचं काम लिंबू पिळणं नव्हे, गप्पांना तोंड फोडणं आहे, असं स्टार्कचं समर्थन. मला ते पटत नाही. गप्पा हव्यात तर शिल्प करावं. लिंबाचं नाव घेतलं की सरबत मागायचा हक्क आम्हाला आला.

याउलट अथेन्सची वास्तुकार कातेरिना काम्प्रानी. तिच्या वस्तू वापरताच येणार नाहीत अशाच योजलेल्या असतात. २०११ पासून ती हा उद्योग करते. काट्याच्या दांड्याच्या जागी साखळी, झारीची चोच उलटी वळून झारीतच पाणी ओतणारी, पुढे बोटं उघडी टाकणारे पावसाळी बूट. ही थट्टा मला स्टार्कपेक्षा प्रामाणिक वाटते. साखळीचा काटा नुसता चित्रात पाहिला तरी मनगट आपोआप चाचपडतं. काट्याच्या दांड्याचा ताठपणा आपण जन्मात कधी लक्षात घेतला नव्हता; तो काढून घेतल्यावर कळला.

आणि ज्यांच्या हातातूनच ताठपणा गेला आहे, त्यांचं काय? शा याओ ही तैवानची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइन शिकत होती. तिच्या आजीला अल्झायमर होता. जेवताना अशा माणसांचं नेमकं कुठे अडतं, ते तिने बसून पाहिलं. सपाट तळाच्या वाडग्यात शेवटचे चार घास चमच्यापुढे पळत राहतात. वाटी तिरकी करायची, हे सुचत नाही किंवा हाताला झेपत नाही. म्हणून तिने वाडग्याचा तळच उतरता केला. अन्न आपसूक एका कडेला गोळा होतं. चमच्याची गोलाई त्या कडेच्या गोलाईशी जुळवली, त्यामुळे चमचा कडेला टेकवून वर ओढला की घास भरून येतो. कपाचा कान खाली टेबलापर्यंत नेला, म्हणजे धक्का लागला तरी कप लवंडत नाही. आतून रंग निळा, कारण आपल्या जेवणात निळा पदार्थ जवळजवळ नसतोच. काय अन्न आणि काय भांडं, हे क्षीण नजरेलाही कळतं. यामागे बोस्टनमधला एक अभ्यास होता. रुग्ण मोजकेच होते, पण ठळक रंगाच्या भांड्यांत वाढल्यावर त्यांचं खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. आपण काय करतो? आजारी माणसाला पांढऱ्या बशीत दहीभात देतो आणि ‘काही खातच नाहीत हो’ म्हणतो. शा याओच्या या ‘ईटवेल’ संचाला २०१४ साली स्टॅनफर्डच्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं.

भांड्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या तांब्याकडेही बघू. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे हिंडलं आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली त्यामागे तो अहवाल आहे. त्यात त्यांनी सगळ्यांत जास्त डोक्यावर घेतला तो आपला तांब्या. किती पाणी मावावं, हातात कसा बसावा, कडेवर कसा घ्यावा, ओतताना तोल कसा राहावा, विकायचा झाला तर काय, मोडीत घालायचा झाला तर काय. कुणा एका माणसाने हे सगळं ठरवलेलं नाही, पिढ्यांनी ठरवलं आहे. मान्य. पण या कौतुकाने आपण थोडे सुस्तावलो, असं मला वाटतं. पिढ्यांनी तांब्या केला. उतरत्या तळाची वाटी काही केली नाही. त्यासाठी एका मुलीला आपल्या आजीजवळ बसावं लागलं.

शेवटी एंझो मारी. याच्यावर मी खरं म्हणजे वेगळं व्याख्यान द्यायला हवं. इटलीत चकचकीत फर्निचरचा सुकाळ असताना, १९७४ मध्ये, या कडक डाव्या विचारांच्या डिझायनरने १९ वस्तूंचे नकाशे काढले: टेबलं, खुर्च्या, पलंग, बाकं, कपाटं. साहित्य म्हणजे रंधा न मारलेल्या फळ्या आणि खिळे. जो टपालखर्च पाठवेल त्याला नकाशे फुकट. कुणीही करावं; मनाई फक्त कारखानदार आणि व्यापाऱ्यांना.

त्याचं टेबल जवळून पाहण्यासारखं आहे. सुतार कूस-साळ घालून सांधा जखडतो. मारीकडे ते नाही. दोन फळ्या खिळ्याने जोडल्या की सांधा बिजागरीसारखा हलतो, आणि टेबलाला कमरेचा धक्का लागला की ते आडवं झुकतं. म्हणून त्याने पायांच्या मध्ये तिरप्या फळ्या टाकल्या. तिरपी फळी आली की त्रिकोण झाला, आणि त्रिकोणाची बाजू मोडल्याशिवाय त्रिकोण हलत नाही. कैचीचं छप्पर उभं राहतं ते याच तत्त्वावर. मारीचा डाव असा, की ही तिरपी फळी तुम्ही स्वतःच्या हाताने ठोका. तोपर्यंत डुगडुगणारं टेबल तुमच्या डोळ्यांदेखत गप्प होऊ द्या. एकदा हे पाहिलेला माणूस दुकानात गेला की टेबलाच्या पॉलिशकडे बघत नाही, खाली वाकून सांधे बघतो. टेबल हे निमित्त. त्याला गिऱ्हाईक शहाणं करायचं होतं.

मागण्या धो धो आल्या. पुष्कळांना ते ‘गावरान’ दिसतं म्हणून शेतघरात ठेवायला हवं होतं, आणि यातलं मर्म फारच थोड्यांना कळलं, अशी मारीची तक्रार असे. पण चाळीस वर्षांनी बर्लिनमध्ये ‘कुकुला’ नावाची कार्यशाळा निघाली. पश्चिम आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेले निर्वासित तरुण तिथे मारीच्या नकाशांवरून खुर्च्या करून विकू लागले. विकायची मनाई ज्याने घातली होती, त्यानेच त्यांना परवानगी दिली. लाम्पेदुसा बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्या बोटींचं लाकूडही त्यांनी काही खुर्च्यांत वापरलं.

त्याआधी, २०१० साली, फिनलंडच्या आर्टेक कंपनीलाही मारीने एका खुर्चीपुरती संमती दिली होती. फळ्या मापात कापलेल्या, खिळे मोजून दिलेले; हातोडी तेवढी आपली. हे मला खटकतं. करवत चालवताना फळी वाकडी कापली जाते आणि मग विचार करावा लागतो. तो विचार कंपनीने खोक्यात भरून विकला. मारीच्या नकाशांचं पुस्तक मात्र पुन्हा छापलं गेलं आहे. आपल्याकडे मशिनरीच्या पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या भंगारात मिळतात, त्या या कामाला उत्तम. सागवान आणू नका. आणि खिळा ठोकण्याआधी फळीच्या टोकापासून दोन बोटं जागा सोडा, नाहीतर ती चिरते.

वेळ झाली, अशी चिठ्ठी आली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.