कोडिंगची पहिली भाषा कोणती?

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम १८,००० रुपये, कारण 'मुलीचा कोडिंगचा क्लास'. पोरगी बारावी झालेली, हुशार. सहा महिन्यांत चार भाषा शिकवतो, असं क्लासवाल्यांनी सांगितलेलं. शेळीसाठी किंवा शिलाई मशीनसाठी कर्ज द्यायचं तर काय विचारायचं ते आम्हांला ठाऊक आहे. इथं काय विचारणार?

शिवाय आम्ही एकदा पोळलो होतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ताईंच्या लेकीला अशाच क्लासमध्ये सी, जावा, पायथन सगळं थोडं थोडं शिकवलं. एकही धड येईना, तिसऱ्या महिन्यात तिनं जाणं सोडलं. हप्ते मात्र ताईंनी मजुरीतून फेडले.

म्हणून या वेळी कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एका मॅडमना आम्ही बैठकीला बोलावलं. त्यांनी आमचीच कर्जाची वही मागितली आणि लॅपटॉपवर पायथन उघडलं. मुद्दल, दर, महिने ही नावं त्यांनी मराठीतच लिहिली; पायथनला ती चालतात. प्रिंट, इफ, फॉर असे मोजके शब्द तेवढे इंग्रजी. ५,००० वर शेकडा २ नं महिन्याचं व्याज १००, हे आमच्या सचिवताईंनी यंत्राच्या आधी तोंडी सांगितलं! मग मॅडमनी बारा जणींची मुद्दलं ओळीनं लिहिली आणि 'प्रत्येकीसाठी हेच कर' अशी एक सूचना दिली. बाराही व्याजं एका दमात आली. 'हप्ता चुकला तर दंड लाव, नाहीतर लावू नको' हीसुद्धा दोन-चार ओळींची गोष्ट निघाली.

नाव ठेवणं, अट घालणं, तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, हे सगळ्याच भाषांत असतं. एका मशीनवर हात बसला की दुसरं मशीन शिकायला वेळ लागत नाही, तसंच. म्हणून सुरुवातीला एकच भाषा धरायची आणि निदान काही महिने सोडायची नाही.

कोणती? पोर आठ-दहा वर्षांचं असेल तर स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं २००७ साली ती सगळ्यांसाठी खुली केली. त्यात रंगीत ठोकळे जोडायचे, टाइप फारसं करावं लागत नाही. दहावी-बारावी झालेलीला पायथन. ती १९९१ साली नेदरलँड्सच्या गुइडो व्हान रॉसम यांनी आणली. नाव अजगराचं नाही बरं, एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलंय. वेबसाइटच बनवायची हौस असेल तर एचटीएमएलनंतर जावास्क्रिप्ट. जावा आणि जावास्क्रिप्ट या मात्र दोन वेगळ्या भाषा, नावावर जाऊ नका.

यांतली एकही भाषा विकत घ्यावी लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर संगणकाचे पुष्कळ पाठ फुकट आहेत, अनेक तर मराठीतून. मोबाइलवर सुरुवात होते, पण कंस आणि स्वल्पविराम टाइप करताना बोटं दुखतात, हे मुलीच सांगतात. आणि एक भाषा आली की लगेच नोकरी लागते, असं कुणी म्हणालं तर त्याच्या जुन्या मुलांना जाऊन भेटा.

आम्ही ताईंना नाही म्हटलं नाही. पोरीनं दोन महिने फुकटात पायथन शिकावं, आमच्या वहीचा हिशोब करून दाखवावा, मग अर्ज बघू, असं ठरलं. मॅडमनी कॉलेजच्या संगणकावर रोज तासभर बसू दिलं.

परवा तिनं हिशोब दाखवला. दंड चुकीचा येत होता. हप्ता शेवटच्या तारखेला भरला तरी दंड लागायचा. सचिवताईंनी लगेच पकडलं. चूक शोधायला पोरीला दोन संध्याकाळी लागल्या, पण तिनं ती स्वतःच काढली. ताईंनी आता अर्ज बदललाय. क्लासचं नाव खोडलं, जुना लॅपटॉप लिहिलाय. येत्या बैठकीत तो पहिल्या नंबरला आहे.