वाळल्या फुलाजवळ जाताना

मंडळी, वसंत व्याख्यानमालेत मी वाळलेल्या फुलांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या. पण भंडारा जिल्ह्यात वसंत म्हणजे फुलं वाळवायचाच हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये साकोली, लाखनीकडच्या किंवा कोका अभयारण्याच्या कडेच्या गावांत जा, अंगणोअंगणी मोहफुलं पसरलेली दिसतील. पहाटे वेचलेलं फूल फिकट पिवळं, गुबगुबीत असतं. काही दिवसांच्या उन्हात ते तांबूस तपकिरी होतं, आक्रसतं. हौशी छायाचित्रकार मात्र मान वर करून पळसाचे फोटो काढतात आणि मोहाच्या ढिगाला वळसा घालून निघून जातात.

माझ्या मते कॅमेरा तिथेच वाकायला हवा. ताजं मोहफूल रसाने इतकं भरलेलं असतं, की उजेड पडताच नुसतं चकाकतं. वाळल्यावर एकेका सुरकुतीला स्वतःची सावली मिळते. ते उलटं करून बुडाकडून पाहा, तिथे एक भोक आहे. आपण फूल म्हणून वेचतो तो पाकळ्यांचा मांसल पेला आणि त्याला आतून चिकटलेले पुंकेसर. स्त्रीकेसर झाडावरच राहतो, त्याचंच पुढे फळ होतं. म्हणजे एवढ्या मोठ्या ढिगात पूर्ण फूल शोधूनही सापडायचं नाही! झाडाचा हा सगळा व्यवहार त्या भोकात दिसतो, आणि जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही.

आता थोडं तंत्राचं. मॅक्रो म्हणजे साधारणपणे एकास एक प्रमाण: 8 मिलिमीटरचा धानाचा दाणा कॅमेऱ्याच्या संवेदकावरही 8 मिलिमीटरच उमटतो. इतक्या जवळून भिंगाचं छिद्र एफ-11 इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. शिवाय भिंग पुढे सरकल्यामुळे उजेड एक चतुर्थांश उरतो. म्हणून तिपाई हवी, आणि फोकस थोडाथोडा सरकवत काढलेले अनेक फोटो नंतर संगणकावर एकत्र जोडायचे. महागडं भिंग नसेल तर 50 मिलिमीटरचं जुनं भिंग कड्याने उलटं बसवा, काम छान होतं. उजेड मात्र बाजूने आणि अगदी खालून घ्या. समोरून फ्लॅश मारलात तर वाळलेलं फूल पुन्हा सपाट होईल.

या कामातला मोठा माणूस बर्लिनचा कार्ल ब्लॉसफेल्ट. तो कलाशाळेत शिकवायचा, कॅमेरा घरी बनवलेला होता. विद्यार्थ्यांना नक्षीकाम कळावं म्हणून तो कोंब, शेंगा, वाळलेली देठं कितीतरी पटींनी मोठी करून दाखवायचा. 1928 साली त्याचं पुस्तक आलं आणि शिक्षक एकदम कलावंत ठरला. त्याची चित्रं मला आवडतात, पण एक तक्रार आहे. त्याने झाडाला लोखंडी जाळीसारखं स्थिर करून टाकलं.

वाळलेलं झाड तसं स्थिर नसतं. आपल्या माळरानावरचं कुसळी गवत घ्या. त्याचं कुसळ सुकताना दोरासारखं पिळतं आणि ओलं झालं की उलगडतं. याच हालचालीने बी मातीत शिरतं, आणि तुमच्या मोज्यातही. भिंगाखाली ठेवून त्यावर नुसता श्वास सोडा, कुसळ वळू लागतं आणि जोडायचे सगळे फोटो वाया जातात. अशा वेळी चिडू नका, तेच टिपा.

तूसही बघाच. इथल्या भातगिरणीमागे त्याचे डोंगर असतात, कुणी ढुंकून पाहत नाही. तिरप्या उजेडात धानाच्या टरफलावर उंचवट्यांच्या सरळ ओळी दिसतात, नांगरलेल्या वावरासारख्या. त्या सालीत सिलिका भरपूर असते, म्हणून ती कुजायला वेळ घेते आणि गुरांनाही फारशी रुचत नाही.

एक हट्ट मात्र माझा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वाळवलेल्या नमुन्याला नाव, ठिकाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी लावतात. तशी चिठ्ठी फोटोलाही लावा, सोबत मिलिमीटरची पट्टी ठेवून एक फोटो वेगळा काढा. नाहीतर मोहाचं फूल कुणाला मनुका वाटेल, आणि तसं वाटलेलंही आहे. आता दिवे बंद करा, पडद्यावर पहिलं चित्र येतंय. ते कशाचं आहे, हे तुम्हीच सांगायचं.