हिमालयातला ओढा सकाळीच ओलांडा

उन्हाळ्यात आपल्याकडचे बरेच जण हिमाचलातल्या हमता खिंडीची वाट धरतात. कुल्लूच्या हिरव्या खोऱ्यातून ही वाट जवळपास 14 हजार फुटांवर चढते... आणि पलीकडे, उघड्याबोडक्या लाहौलमध्ये उतरते. चढण दमवतेच. पण खरी परीक्षा असते ओढ्यांची. सह्याद्रीतला ओढा पावसावर चालतो. हिमालयातला ओढा उन्हाळ्यात उन्हावरही चालतो. दिवसा बर्फ वितळतं... आणि दुपारनंतर पाणी चढतं. रात्री गारठा पडतो, वितळणं मंदावतं. पहाटे पाणी उतरलेलं असतं. म्हणजे आभाळ निरभ्र असलं, तरी ओढा फुगू शकतो. म्हणून सांगतो... ओढा सकाळीच ओलांडा.

कुणी म्हणेल, सकाळी पाणी इतकं गार असतं की पाय बधिर होतात. खरं आहे. या वाटेवरच्या शिया गोरूचा मुक्काम हलवला, की असाच ओढा लागतो. पण बधिर पाय चोळून ऊब येते. दुपारच्या लोंढ्यात पाणी गुडघ्यावर गेलं, तर पाय ठरतच नाही. दुसरा म्हणेल, दोर आहे की! दोर आधार देतो... पाणी कमी करत नाही. शिवाय गढूळ पाण्यात तळाचे दगड दिसत नाहीत, म्हणून अनवाणी उतरू नका. पाठपिशवीचा कमरपट्टा आधीच सोडा. पसरट पात्रातून जा. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथं पाणी खोल आणि वेगवान असतं. उशीर झालाच, तर अलीकडेच तंबू ठोका... काठापासून दूर, जरा उंचावर.