रेशन कार्ड युद्धातून आलंय

आजचा एपिसोड युद्धावर आहे, पण रणगाडे आणि मिसाइल नाहीत त्यात. एकही बॉम्ब न पडता युद्ध घरात कसं शिरतं, ते बघू. त्यासाठी युक्रेनपर्यंत जायला नको, आपलं जव्हार-मोखाडा पुरे.

दुसरं महायुद्ध. जव्हार तेव्हा संस्थान होतं, राजे यशवंतराव मुकणे स्वतः हवाई दलात गेले होते. डोंगरातल्या माणसाला जपान कुठे आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून मुंबईला येणारा तांदूळ बंद झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. शहर, गिरण्या आणि गोदी चालू राहायला हव्या होत्या ना! आणि शहराच्या ताटातला भात येणार कुठून? खेड्यातून, लेव्ही लावून.

पेट्रोलही मिळेना. मग मोटारींना मागे भट्टी जोडून त्या लाकडी कोळशाच्या गॅसवर चालवल्या. आता सांगा, कोळशाची भट्टी लावणं हे आपल्याकडे कोणाचं काम? कातकऱ्यांचं. लाकूड, कोळसा, गवत, सगळं जंगलातून मुंबईकडे. भाव वाढले ते व्यापाऱ्यांचे. राबणारा मात्र वेठीलाच. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवरा-बायको दोघंही सावकाराकडे बांधील, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत.

हे फुटलं १९४५ मध्ये. मे महिन्यात उंबरगाव तालुक्यात झरीला वारल्यांची परिषद झाली. मागणी काय, तर रोख मजुरी, दिवसाला १२ आणे. सोबत शामराव आणि गोदावरी परुळेकर, जे युद्धविरोधी प्रचारासाठी आधीच तुरुंगात जाऊन आले होते. सप्टेंबरमध्ये महायुद्ध संपलं. आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. जगाची शांतता आपल्याकडे अशी आली.

युद्ध गेलं, रेशन कार्ड राहिलं. मला हे फार विचित्र वाटतं. शहर शांत ठेवायला काढलेला कागद आज आपल्या पाड्यावर पोट भरतो. १९९२ ला जव्हार तालुक्यात वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा कळलं की कार्ड असणं आणि धान्य घरात येणं या दोन गोष्टी आहेत.

आता मशीनवर अंगठा लावायचा. मी दिवसभर लॉगिनचं कोडिंग करतो, म्हणून सांगतो: भातलावणी करून झिजलेला आजीचा अंगठा मशीनला ‘चुकीचा’ वाटतो, पण चूक आजीची नसते. ओटीपीचा पर्याय आहे म्हणे. अहो, पण रेंज? ओटीपी घ्यायला टेकडीवर चढायचं आणि तो येईपर्यंत त्याची मुदत संपते!

तुमच्या घरात नव्वदीच्या आसपासचं कोणी असेल, तर विचारा: महागाईच्या त्या वर्षांत काय खाल्लं, कपडा कुठून आणला, कोणाकडे वेठीला गेलात. फोनवर रेकॉर्ड करा आणि व्हॉइस नोट पाठवा. वारली, कातकरी, कोकणा, कुठल्याही बोलीत चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये त्याच ऐकवतो.